रडार प्रतिमांवरून पुराचा नकाशा करताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पाणी चढू लागले की दोन-तीन दिवसांत निळ्या रंगाने भरलेले पूरनकाशे सगळीकडे फिरू लागतात. ते बहुतेक चांगल्या हेतूने केलेले असतात आणि त्यांतले बरेच चुकलेले असतात. घाटातील डोंगरांच्या सावल्या पाणी म्हणून रंगवलेल्या असतात, राधानगरी-गगनबावड्याकडची भातखाचरे पुरात गेलेली दिसतात, आणि शिरोळ तालुक्यात छातीभर पाण्यात उभा असलेला ऊस मात्र कोरडा दाखवला जातो. यांतली शेवटची चूक सर्वांत वाईट, कारण असा नकाशा पंचनाम्याच्या वेळी कोणी पुढे केला तर ज्याचे पीक खरोखर बुडाले त्याच्याच विरुद्ध तो बोलतो.

या लेखात सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या मोफत प्रतिमा आणि स्नॅप (रडार प्रतिमांवर प्रक्रिया करणारे) व क्यूजीआयएस (नकाशे करणारे) ही मोफत सॉफ्टवेअर वापरून पूरनकाशा करण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणासाठी ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर घेतला आहे. क्यूजीआयएसमध्ये थर उघडणे, कापणे, रंग देणे इतके येत असेल तर पुढचे सर्व जमण्यासारखे आहे.

## १. उपग्रह पाणी पाहू शकेल का, हे आधी ठरवा

पावसाळ्यात साध्या छायाचित्र घेणाऱ्या उपग्रहांचा उपयोग होत नाही, कारण पूर येतो तेव्हा वर ढग असतात. रडारची लहर ढगांतून आरपार जाते आणि तिला दिवस-रात्रीचे बंधन नसते. तरीही उपग्रह एका जागेवरून रोज जात नाही. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह त्याच कक्षेत बारा दिवसांनी परततो आणि दोन उपग्रह चालू असतील तर हे अंतर सहा दिवसांवर येते.

त्यामुळे पूर कोणत्या प्रकारचा आहे यावर सगळे अवलंबून आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या सखल भागात पाणी कित्येक दिवस साचून राहिले, म्हणून ते प्रतिमेत सापडण्याची शक्यता होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी काही तासांत चढले आणि लवकर ओसरले. अशा पुरात उपग्रह नेमका त्या वेळी डोक्यावर नसेल, तर नंतरच्या प्रतिमेत चिखल दिसतो, पाणी दिसत नाही.

तपासणी: नदीच्या पातळीच्या रोजच्या नोंदी मिळवा. सांगलीसाठी आयर्विन पूल आणि कोल्हापूरसाठी राजाराम बंधारा ही नेहमीची ठिकाणे आहेत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. २०१९ मध्ये पहिल्या ठिकाणी पाणी ५७ फुटांच्या आणि दुसऱ्या ठिकाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. प्रतिमा घेतली त्या दिवशी पातळी किती होती, ती चढती होती की उतरती, हे वहीत लिहून ठेवा. ही नोंद शेवटच्या पायरीत लागणार आहे.

## २. प्रतिमा निवडणे

निम्म्याहून अधिक चुका याच पायरीत होतात आणि त्या पुढे कोणत्याही प्रक्रियेने सुधारत नाहीत. तुम्हाला किमान दोन प्रतिमा लागतात, एक पुरातली आणि एक पुराआधीची. दोन्ही कोपर्निकसच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून उतरवता येतात. प्रकार निवडताना ‘आयडब्ल्यू’ (रुंद पट्टा टिपणाऱ्या) पद्धतीच्या ‘जीआरडी’ (केवळ परतलेल्या लहरीची तीव्रता देणाऱ्या) प्रतिमा घ्याव्यात. एका प्रतिमेची फाइल साधारण एक जीबीची असते.

दोन्ही प्रतिमांची सापेक्ष कक्षा, म्हणजे उपग्रह ज्या ठरावीक मार्गाने पुन्हा पुन्हा येतो त्याचा क्रमांक, एकच असली पाहिजे. हा क्रमांक १ ते १७५ यांच्यात असतो आणि प्रत्येक प्रतिमेच्या माहितीत दिलेला असतो. उपग्रह एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून पाहत असेल तर त्याच टेकडीची सावली दोन वेगळ्या उतारांवर पडते, आणि मग दोन प्रतिमांतील फरक म्हणून जे हाती येते त्यात पुरापेक्षा सावल्याच अधिक असतात.

पुराआधीची प्रतिमा मे महिन्यातील घेऊ नये. हा मोह सर्वांना होतो, कारण तेव्हा पूर नव्हता याची खात्री असते. मात्र मे महिन्यात जमीन कोरडी असते, बरीच शेते नांगरून पडलेली असतात आणि नदीपात्र आक्रसलेले असते. तिथून ऑगस्टपर्यंत ओल, पीक आणि पात्र अशा तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात, आणि त्यांतला पूर कोणता हे ओळखता येत नाही. पाऊस सुरू झालेला आहे पण पाणी पात्रातच आहे, असा जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ घ्यावा. त्याच कक्षेतील तीन-चार प्रतिमांची सरासरी घेता आली तर फारच उत्तम.

सावधान: फाइलच्या नावातील वेळ जागतिक वेळेत असते. नावात आधी आठ अंकी तारीख, मग टी हे अक्षर आणि मग सहा अंकी वेळ येते. त्या वेळेत साडेपाच तास मिळवावे लागतात. ००४५३० असे लिहिले असेल तर भारतात सकाळचे सव्वासहा वाजलेले असतात. हे न केल्यामुळे पहाटेच्या प्रतिमेची तुलना मध्यरात्रीच्या पाणीपातळीशी करणारे नकाशे मी पाहिले आहेत. पाणी तासाला काही इंच चढत असताना हा फरक लहान राहत नाही.

## ३. स्नॅपमधील प्रक्रिया: क्रम बदलू नये

उतरवलेली प्रतिमा थेट क्यूजीआयएसमध्ये उघडून त्यावर निळा रंग चढवणे ही सुरुवातीची सर्रास चूक. त्या प्रतिमेतील आकडे मोजमाप म्हणून वापरण्याजोगे झालेले नसतात आणि ती जमिनीवर नीट बसलेलीही नसते. पुढील क्रम पुरातल्या आणि पुराआधीच्या, अशा दोन्ही प्रतिमांवर तंतोतंत सारखाच चालवावा.

१. कक्षेची सुधारित फाइल लावणे. अत्यंत अचूक कक्षेची फाइल प्रतिमेनंतर साधारण तीन आठवड्यांनी मिळते. पूर चालू असतानाच काम करायचे असेल तर लगेच मिळणारी तात्पुरती फाइल निवडावी, तिने आपले काम भागते.

२. उष्णतेमुळे येणारा गोंगाट काढणे आणि कडांवरचा गोंगाट काढणे. ही पायरी वगळली तर प्रतिमेच्या पट्ट्यांच्या सांध्यांवर काळसर रेघा राहतात, आणि पाणी स्वतः काळे दिसत असल्यामुळे त्या रेघा सरळसोट कालव्यासारख्या नकाशात उतरतात.

३. अंशांकन (कच्च्या आकड्यांचे मोजमापात रूपांतर) करून सिग्मा-नॉट, म्हणजे जमिनीने किती लहर परत पाठवली याची मूल्ये काढणे.

४. स्पेकल गाळणे. रडार प्रतिमेवर जी मीठ-मिरी भुरभुरल्यासारखी ठिपक्यांची जाळी दिसते तिला स्पेकल म्हणतात. ‘रिफाइन्ड ली’ किंवा ‘ली सिग्मा’ गाळणी पुरेशी आहे. गाळणीची खिडकी (ती एका वेळी पाहते तो पिक्सेलांचा चौकोन) मोठी घेऊन प्रतिमा अगदी गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, नाहीतर ओढे आणि अरुंद नदीकाठ पुसले जातात.

५. भूप्रदेशानुसार दुरुस्ती. उंचीचे प्रारूप (प्रत्येक जागेची उंची देणारा थर) म्हणून ३० मीटरचे कोपर्निकस किंवा एसआरटीएम निवडावे, पिक्सेल १० मीटरचा ठेवावा आणि प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, असे द्यावे. हा पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा असल्याने पश्चिम व मध्य महाराष्ट्राला चालतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर येथे काम करायचे असल्यास ४४ उत्तर घ्यावा.

६. सर्वांत शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर. पुराआधीच्या तीन-चार प्रतिमांची सरासरी घ्यायची असेल तर ती या पायरीच्या आधी घ्यावी. डेसिबल हे लॉगरिदमचे माप आहे, त्यांची सरासरी ही मूळ मूल्यांची सरासरी नसते.

सावधान: कोकण किनाऱ्यालगत काम करताना, उंची नसलेला भाग झाकून टाकण्याचा जो पर्याय पाचव्या पायरीत आधीच निवडलेला असतो, तो काढून टाकावा. अन्यथा समुद्रासोबत खाडीकाठचे सखल भागही प्रतिमेतून गायब होऊ शकतात.

गूगल अर्थ इंजिन (उपग्रह प्रतिमांवर जालावरच काम करण्याची सेवा) वापरणाऱ्यांना यांतील बहुतेक पायऱ्या तयार मिळतात आणि मूल्येही डेसिबलमध्येच असतात. स्पेकल मात्र तिथे गाळलेला नसतो. तो स्वतः गाळावा लागतो, आणि त्यासाठी आधी मूल्ये डेसिबलमधून परत मूळ रूपात आणावी लागतात.

तपासणी: दोन्ही प्रतिमा क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवा आणि वरचा थर चालू-बंद करून पाहा. पूल, धरणाची भिंत, विमानतळाची धावपट्टी या गोष्टी जागच्या हलता कामा नयेत. हलत असतील तर पुढे जाऊ नका.

## ४. पाणी आणि जमीन यांच्यातील सीमा ठरवणे

संथ पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. तिरकी आलेली लहर तो पुढे निघून जाऊ देतो, उपग्रहाकडे फारसे काही परतत नाही आणि म्हणून पाणी काळे दिसते. जमीन आणि पीक लहर विखुरतात म्हणून ती उजळ दिसतात. किती काळे म्हणजे पाणी, हा आकडा ठरवणे हे या पायरीचे काम.

कुणीतरी दिलेला आकडा तसाच वापरू नये. व्हीव्ही (लहर उभी पाठवून उभीच टिपलेल्या) प्रकारच्या प्रतिमेत उघडे पाणी बऱ्याचदा उणे १५ ते उणे १८ डेसिबलच्या खाली सापडते, पण वारा, पावसाची सर आणि पाहण्याचा कोन यांमुळे हा आकडा प्रत्येक प्रतिमेत सरकतो. त्यापेक्षा मूल्यांचा, म्हणजे कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल आहेत याचा, आलेख काढावा. त्यात दोन उंचवटे स्पष्ट दिसले, तर त्यांच्यामधील दरी ही सीमा. ओत्सू नावाची पद्धत हीच सीमा गणिताने काढून देते.

इथे एक बारकावा आहे. संपूर्ण जिल्ह्याचा आलेख काढला तर पाणी एकूण क्षेत्राच्या मानाने इतके थोडे असते की त्याचा उंचवटा दिसतच नाही. मग ओत्सू पद्धत जमिनीच्याच उंचवट्याचे दोन तुकडे करते आणि निम्मा जिल्हा निळा होतो. त्यासाठी आलेखाचा चौकोन असा निवडावा की त्यात पाणी आणि जमीन साधारण बरोबरीने येतील. नृसिंहवाडीजवळचा कृष्णा-पंचगंगा संगम किंवा सांगलीजवळ हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, असे चौकोन यासाठी चांगले आहेत.

एका सीमेवर समाधान मानू नये, दुसरी अटही जोडावी. पुरातल्या मूल्यातून पुराआधीचे मूल्य वजा करावे आणि जिथे ३ डेसिबलहून अधिक घट झाली आहे, म्हणजेच परत येणारी लहर निम्म्याहून कमी झाली आहे, तेवढीच जागा नवे पाणी म्हणून धरावी. दोन्ही अटी पूर्ण करणारा पिक्सेल घ्यावा.

सावधान: जोराचा वारा असेल तर पाण्यावर लाटा उठतात आणि विस्तीर्ण पाणी मधोमध उजळ दिसते. निळ्या भागात भोके पडली असतील तर व्हीएच (लहर उभी पाठवून आडवी टिपलेली) प्रकारची प्रतिमाही पाहा, वाऱ्याचा परिणाम तिच्यात तुलनेने कमी असतो.

## ५. खोटे पाणी काढून टाकणे

आता हातात जो नकाशा आहे त्यात पाण्यासारख्या दिसणाऱ्या अनेक गोष्टी असतात. कायमचे पाणी आधी वेगळे करावे. जागतिक भूपृष्ठजल संचात १९८४ पासूनच्या लँडसॅट प्रतिमांवरून कोणत्या जागी वर्षातील किती महिने पाणी असते हे दिलेले आहे. दहा किंवा अधिक महिने पाणी असलेली जागा पुरातून वजा करावी, पण नकाशावर वेगळ्या रंगाने ठेवावी. तीही पुसून टाकली तर वाचकाला नदीच सापडत नाही.

मग डोंगरांच्या सावल्या. उंचीच्या प्रारूपावरून उतार काढा आणि ५ अंशांहून अधिक उताराची जागा वगळा, कारण तिथे पुराचे पाणी साचून राहू शकत नाही. पन्हाळा-शाहूवाडी भागातील बहुतेक खोटे पाणी या एका पायरीत निघून जाते. विमानतळाची धावपट्टी आणि रुंद डांबरी रस्ते दोन्ही प्रतिमांत सारखेच काळे असतात, त्यामुळे फरकाच्या अटीने ते आधीच गळालेले असतात.

भातखाचरे मात्र या चाळणीतून निसटतात. चिखलणी करून रोप लावलेल्या खाचरात खरोखरच पाणी असते, ते नव्याने आलेलेही असते आणि जमीन सपाटही असते. पण तो पूर नाही. शेतकऱ्याने ते पाणी बांध घालून मुद्दाम अडवलेले असते. पश्चिमेकडील तालुक्यांत नदीपासून तुटलेली, पायऱ्यापायऱ्यांची, लहान-लहान निळी ठिगळे दिसली तर ती जवळजवळ नेहमी भातखाचरेच असतात. यावर आपोआप चालणारा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. नदी किंवा ओढ्याशी जोडलेले नसलेले तुकडे वेगळे काढून डोळ्यांनी तपासणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे.

शेवटी आठ-दहा पिक्सेलांहून लहान एकटे तुकडे काढून टाकावेत.

## ६. न दिसणारे पाणी: ऊस आणि गावठाण

सेंटिनेल-१ च्या लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर आहे. ही लहर दाट पानांतून खाली जात नाही. ऑगस्टमध्ये आदल्या वर्षीचा आडसाली ऊस बारा महिन्यांचा, डोक्यावरून गेलेला असतो. त्याच्या बुडाशी चार फूट पाणी असले तरी उपग्रहाला वरची पानेच दिसतात. पाने विरळ असतील तर लहर पाण्यावर आपटून कांड्यांवर आणि तिथून परत उपग्रहाकडे जाते, आणि ते शेत पुराआधीपेक्षाही उजळ दिसते.

नदीकाठच्या मळीच्या जमिनीत हे अगदी जवळून पाहता येते. एका बांधाच्या अलीकडे जुलैत नुकतीच केलेली नवी लावण असते आणि पलीकडे उभा आडसाली. दोन्हीकडे पाण्याची खोली एकच. प्रतिमेत नवी लावण काळीकुट्ट आणि शेजारचा ऊस करडा, मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ. पाणी कधीही बांधाच्या रेषेवर असे थांबत नाही. नकाशात पुराची कड सरळ आणि काटकोनी दिसली, तर ती पिकाची कड आहे असे समजावे.

यासाठी नकाशात तिसरा वर्ग ठेवावा: ‘पिकाखाली संभाव्य पाणी’. तो असा काढावा.

१. पुराच्या निश्चित भागाच्या कडेवरील पिक्सेलांची उंची प्रारूपावरून घ्या. उसाला लागलेल्या सरळ कडा वगळा, बाकीच्या कडांची मधली किंमत काढा.

२. हे संपूर्ण तालुक्यासाठी एकदम करू नका. नदीच्या वाहत्या पाण्याला उतार असतो, म्हणून चार-पाच किलोमीटरचे तुकडे करा.

३. त्या तुकड्यात या उंचीहून खाली असलेली, पुराच्या निश्चित भागाला लागून असलेली आणि पाणी म्हणून न दिसलेली जागा तिसऱ्या वर्गात टाका.

उंचीच्या प्रारूपात काही मीटरची चूक असू शकते आणि एसआरटीएममध्ये तर झाडांची उंचीही मिसळलेली असते, म्हणून हा वर्ग ‘संभाव्य’ याच नावाने राहिला पाहिजे. पण तो राहिलाच पाहिजे. तो वगळून केलेला नकाशा ऊसपट्ट्यात खऱ्या पुरापेक्षा बराच लहान निघतो.

गावठाण आणि शहर यांची अडचण वेगळी. भिंती आणि पाणी यांच्यामध्ये लहर दोनदा आपटून परत येते, त्यामुळे पाण्यात उभी असलेली वस्ती काळी न होता उजळते. सांगली शहरातील रस्त्यांवरचे पाणी या पद्धतीने सापडत नाही. तिथे भिंतींवरच्या खुणा आणि लोकांनी काढलेली छायाचित्रेच उपयोगाची.

जुलै २०२५ मध्ये निसार हा रडार उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या एल-बँड लहरीची लांबी साधारण २४ सेंटिमीटर आहे आणि ती पानांतून बरीच खाली जाते. त्यामुळे उसाचा प्रश्न पुष्कळ हलका होईल अशी मला आशा आहे, पण जुन्या पुरांसाठी वरचीच रीत लागेल.

## ७. क्षेत्रफळ मोजणे

दहा मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे पिक्सेल आणि गुंठा जवळजवळ एकच. हिशेबाला हे सोयीचे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. या प्रतिमेची खरी स्पष्टता साधारण वीस मीटरची असते, त्यामुळे ‘अमुक गटातील सात गुंठे बुडाले’ असे विधान या नकाशावरून करता येत नाही. माझ्या मते एका एकराहून लहान गटाबद्दल यावरून काहीही लिहू नये.

मोजणी यूटीएममध्येच करावी. पार्श्वभूमीला जालावरचा नकाशा जोडला की क्यूजीआयएसचा प्रकल्प पुष्कळदा वेब मर्केटर प्रक्षेपणात जातो, आणि थरही नकळत त्याच प्रक्षेपणात जतन केला जातो. सांगलीच्या अक्षांशावर त्या प्रक्षेपणातील सपाट क्षेत्रफळ नऊ-दहा टक्के जास्त येते. म्हणजे १,००० हेक्टरचे सुमारे १,१०० हेक्टर होतात, आणि आकडा अगदीच अशक्य वाटत नसल्याने कोणाला शंकाही येत नाही.

तपासणी: ज्याचे क्षेत्रफळ ठाऊक आहे असे एक मैदान किंवा तलाव त्याच पद्धतीने मोजून पाहा.

## ८. जागेवर जाऊन पडताळणी

पाणी ओसरल्यावर शक्य तितक्या लवकर जावे, कारण पावसाची एक जोरदार सर झाली की पानांवरचा गाळ धुऊन जातो. नकाशातील तिन्ही वर्गांतून आणि कोरड्या भागातून जागा आधीच निवडून, यादी करून निघावे. सोयीच्या रस्त्यालगतच्या जागाच पाहिल्या तर नकाशा आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. उसाच्या फडातील जागा कमी पडू देऊ नयेत.

उसात पाण्याची रेघ सहज सापडते. पानांवर एका उंचीपर्यंत करडा-तांबूस गाळ वाळलेला असतो आणि वर पान हिरवे असते. फुटपट्टी लावून जमिनीपासूनची उंची मोजा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि शेतकऱ्याला एकच प्रश्न नीट विचारा: अमुक तारखेला, सकाळी सहाच्या सुमारास इथे पाणी होते का? ‘पाणी आले होते का’ असे विचारले तर उत्तर संपूर्ण पुराचे मिळते आणि तुमची प्रतिमा मात्र एका क्षणाची असते.

नोंदींवरून दोन आकडे वेगवेगळे काढा. नकाशाने पाणी म्हटले तिथे ते किती ठिकाणी खरोखर होते, हा पहिला. जिथे खरोखर पाणी होते त्यांपैकी किती जागा नकाशाने दाखवल्या, हा दुसरा. पहिला आकडा बहुधा चांगला येतो आणि लोक तेवढाच छापतात. ऊसपट्ट्यात खरी कसोटी दुसऱ्या आकड्याची आहे.

## ९. नकाशावर लिहायच्या ओळी

उपग्रहाचे नाव, भारतीय वेळेनुसार तारीख व वेळ, सापेक्ष कक्षा, वापरलेली सीमा, प्रक्षेपण आणि पडताळणीचे दोन्ही आकडे नकाशाच्या कोपऱ्यात असावेत. पहिल्या पायरीत वहीत लिहिलेली नदीची पातळी इथे उतरवा, आणि प्रतिमा पाणी सर्वोच्च असतानाची आहे की ओसरताना घेतलेली, हेही लिहा. जमीनमालकांची नावे नकाशावर देऊ नका.

शीर्षकात ‘पूरग्रस्त क्षेत्र’ असे न लिहिता ‘या वेळी उपग्रहाला दिसलेले उघडे पाणी आणि पिकाखालील संभाव्य पाणी’ असे लिहा. शीर्षक लांब होते, ते होऊ द्या. त्याच्या खाली, सूचीतील अक्षरांहून मोठ्या अक्षरांत, पुढची ओळ असावी: ‘या नकाशात एखादे शेत कोरडे दिसते, एवढ्यावरून तिथे पाणी नव्हते असा निष्कर्ष काढू नये.’ नकाशा मोबाइलवर पुढे जाताना कडा कापल्या जातात, म्हणून ही ओळ समासात न ठेवता नकाशाच्या चौकटीच्या आतच छापा.